नबीसाबांची दोन बोटं

ही गोष्ट जिथून सुरू होते, त्या दिवशी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या नबीसाबांच्या दुकानात शिलाईची दोन मशीन होती. कात्र्या तीन होत्या, त्यांतली एक फक्त कागद कापायची. विजेची इस्त्री एक, आणि कोळशाची एक, जी आता कापड उडू नये म्हणून वर ठेवायच्या कामाची राहिली होती. खडूचे चार तुकडे. बॉबिनी एकोणीस. सगळ्यात वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एका माणसाच्या पोशाखापुरतं खाकी कापड. आणि खुंटीवर मी.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे आणि चिकटणारीही नव्हे. टेलरच्या गळ्यात असते ती, मापाची.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ती एक पुठ्ठ्याची पेटी आणि तिच्यात गुंडाळी करून बसलेल्या आम्ही बारा जणी. नव्या पेठेत अस्तर-बटणं विकणाऱ्या दुकानातून नबीसाबांनी मला निवडून घेतलं. निवडताना त्यांनी मला ओढून पाहिलं, वास घेतला आणि पितळेच्या टोकावर नख मारलं. बाकीच्या अकरा जणींचं पुढं काय झालं, कोण जाणे.

माझ्या दोन बाजू आहेत. एकीवर इंच, दुसरीवर सेंटिमीटर. नबीसाब इंचात काम करतात, त्यामुळे माझी इंचांची बाजू लवकरच म्हातारी झाली. बत्तीस ते चाळीस हे आकडे तर बोटांनी पुसटच झाले. सेंटिमीटरची बाजू मात्र कायम गिऱ्हाइकाच्या अंगाकडे असायची. तिला कुणी वाचलंच नाही. तिचे आकडे पेटीतून निघाले तेव्हा होते तसेच काळेभोर राहिले.

मी शाळेचे गणवेश मोजले, नवरदेव मोजले, पेठेतल्या पोलिसांच्या खाकी वर्द्या मोजल्या. नबीसाबांच्या लेकाला, फरहानला, तर मी त्याच्या पहिल्या ईदपासून ओळखते. नबीसाबांनी त्याला शेरवानी शिवायची म्हणून माप घेतलं, तर पठ्ठ्या माझं पितळेचं टोक तोंडात धरून बसला. त्याची छाती तेव्हा अठरा इंच होती. पुढं तो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर मला पळवून शेजारच्या बकरीचं माप घेऊन आला आणि म्हणाला, "अब्बा, हिलाबी शेरवानी शिवा की."

हाच फरहान आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र. त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं. फळीवरचं खाकी कापड त्याच्यासाठीच नबीसाबांनी घेऊन ठेवलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून पिशवीवरची धूळ पुसायचे, हे मी खुंटीवरून बघत होते.

भरतीत धावणं असतं, गोळाफेक असते आणि छातीचं माप असतं. न फुगवता निदान एकोणऐंशी सेंटिमीटर, आणि श्वास भरून त्याहून निदान पाच जास्त. फरहान अंगानं काटकुळा. म्हणून त्यानं पहिलं काम केलं ते मोजण्याचं.

"अब्बा, सेंटिमीटरमध्ये घ्या."

नबीसाबांनी मला उलटं धरलं. त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी माझी दुसरी बाजू कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आली होती. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"एक्क्याऐंशी. आता भर श्वास. शहाऐंशी! झालं की काम."

"मग छातीची काळजी नाय," फरहान म्हणाला. "आता नुसतं पळायचं."

त्याच्या मोबाईलमध्ये व्यायामाचे तीन ऑनलाइन कार्यक्रम होते. पहिल्यात दंडाच्या बेडकुळ्या दाखवणारा एक प्रशिक्षक सतत ओरडत असे. धावणं आणि उड्या, रोज दीड तास, आठवड्याचे सातही दिवस. दुसऱ्याला डंबेल, बाक आणि डब्यातली पावडर लागायची. तिसऱ्यात एक निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. साडीवर बूट घालून शांतपणे मराठीत बोलायच्या. जमीन, भिंत आणि एक भरलेलं दप्तर, एवढ्यावर त्यांचं भागे. पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस.

"ह्या बाई तर आपल्या शाळेतल्या पीटीच्या मॅडमसारख्या दिसतात," असं म्हणून त्याची धाकटी बहीण समरा हसली. ती बारावीला आहे, सायन्सलाच. फरहानही हसला आणि त्यानं ओरडणारा निवडला. सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ त्याचा स्वतःचा होता. सात वाजता कॉलेज, प्रॅक्टिकल असेल तर दुपारी चारपर्यंत, मग दुकान. दीड तास मोकळा आणि दीड तासाचा कार्यक्रम. त्याला हे माप अगदी बरोबर वाटलं.

महिनाभरात काय झालं ते मी पाहिलं. प्रॅक्टिकलची वही पूर्ण करायची असली की सकाळ बुडायची. बुडाली की मोबाईलवर लाल फुली उमटायची आणि आतून प्रशिक्षक ओरडायचा, "तू बहाणे करतोस!" मग दुसऱ्या दिवशी फरहान दुप्पट पळायचा. नडग्या दुखायला लागल्या. कमरबी, त्याची अम्मी, काज-बटणाचं काम बाजूला ठेवून त्याच्या पायाला तेल चोळायच्या.

"ये कौन बाबा है रे, जो फोन में से चिल्लाता?" त्या म्हणायच्या. "नक्को ऐसा कसरत."

आणि मग कॉलेजच्या मैदानावर सराव चाचणी झाली. मी तिथं नव्हते. मला कळलं ते फरहान दुकानात येऊन स्टुलावर बसला तेव्हा. त्याच्याबरोबर त्याचा मित्र भारत होता. भारत मैंदर्गीकडचा, घरी मेंढरं, शिकायला सोलापुरात होस्टेलवर. त्याची छाती एवढी रुंद, की मला त्याच्याभोवती घालताना नबीसाब त्याला मिठी मारतायत असंच वाटायचं.

"काय झालं रे?" नबीसाबांनी मशीन थांबवलं.

भारतच म्हणाला, "चाचा, सरांनी मोजलं. अठ्ठ्याहत्तर भरली. फुगवून साडेएक्क्याऐंशी. दोन्हीत नापास."

"असं कसं? मी एक्क्याऐंशी मोजली की!"

"तुमची टेप जुनी झालीय, अब्बा," फरहान म्हणाला. त्यानं मला खुंटीवरून काढलं. रागानं नव्हे, पण माझ्याकडे न बघता. "चुकीचं दाखवते ही. सात आठवडे उरलेत. महिना फुकट गेला माझा."

आणि त्यानं मला चिंध्यांच्या डब्यात टाकलं.

मित्रांनो, चिंध्यांच्या डब्यात अंधार असतो. तिथं सगळे कापडाचे तुकडे एकमेकांना विचारतात, तू कशाचा? कुणी शर्टाचा, कुणी परकराचा. मला कुणी विचारलं नाही. मी आयुष्यभर त्यांना कुठं कापायचं ते सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी नवी टेप आली. पिवळी, चकचकीत. नबीसाबांनी तिनं मोजलं. डब्यातून मी ऐकलं.

"एक्क्याऐंशी."

मग समराचा आवाज आला. "जुनी कुठाय?"

तिनं मला बाहेर काढलं, झटकलं आणि टेबलावर नव्या टेपेशेजारी ताणून ठेवलं. मग आमच्या दोघींच्या मध्ये तिची स्टीलची पट्टी ठेवून ती सरकवत शेवटपर्यंत गेली. रेघेला रेघ जुळली.

"टेप बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. मग तीन सेंटिमीटर येतात कुठनं?" ती म्हणाली. "अब्बा, परत मोजा. हळू."

नबीसाबांनी मला फरहानच्या छातीभोवती घेतलं, टोकं जुळवली आणि सवयीप्रमाणे डाव्या हाताची दोन बोटं माझ्याखाली सरकवली.

"हात!" समरा ओरडली. "अब्बा, बोटं काढा!"

बोटं निघाली. मी फरहानच्या बनियनला टेकले. अठ्ठ्याहत्तर.

नबीसाब आपल्या बोटांकडे बघत राहिले. जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. "अरे, लूज सोडायची सवय... चाळीस वर्षं झाली. माणसाला शर्टात श्वास घेता आला पाहिजे म्हणून सोडतो मी. छाती फुगवली की तर जरा जास्तच." ते फरहानकडे वळले. "तुझा महिना मी घालवला की रे."

"ह्यांच्या दोन बोटांमुळं लग्नापासून ढगळ कपडे घालतेय मी," कमरबी मराठीत म्हणाल्या, म्हणजे भारतलाही कळावं. "आज पकडली चोरी."

सगळ्यांत आधी फरहान हसला. मग मला उचलून त्यानं अब्बांच्या गळ्यात घातलं, जिथं मी असायला हवी तिथं.

पण हसण्यानं छाती वाढत नाही. त्यानं पुन्हा मोबाईल काढला. आता नुसतं पळून भागणार नव्हतं. दंड, पाठ आणि श्वास, तिन्हींवर काम हवं होतं. डंबेलवाल्याच्या कार्यक्रमावर त्याचं बोट थांबलं.

"तुझ्या अंगाला ते जमतंय का बघ आधी," भारत म्हणाला. "बाक आणायचा, डंबेल आणायचं, पावडर आणायची. हे सगळं यीपर्यंत भरती निघून जाईल."

"तू काय करतोस सांग की मग."

"मी? मेंढरामागं पळतोय लहानपणापासनं. त्याचं ॲप निघालं न्हाय अजून. निघालं की सांगतो."

फरहान परत ओरडणाऱ्या प्रशिक्षकाकडे आला. दीड तासाचा कार्यक्रम, दीड तासाची सकाळ. तो बराच वेळ ते दोन आकडे बघत बसला. मग त्यानं अब्बांच्या टेबलावर बेतून ठेवलेल्या एका पँटकडे पाहिलं.

"ह्या दीड तासाला लूज कुठाय?" तो स्वतःशीच म्हणाला. "अब्बा, अगदी अंगाबरोबर पँट शिवली तर काय होतं?"

"उभं असताना झकास दिसते. बसलं की उसवते."

"तेच झालं माझं. प्रॅक्टिकल आलं की उसवलं." त्यानं तिसरा कार्यक्रम उघडला. "ह्या बाईंची पंचवीस मिनिटं. चार दिवस. तीन दिवस शिल्लक, त्यात मी माझा पळीन. एक दिवस बुडाला तर पुढं ढकलता येतो. पहिल्याच व्हिडिओत म्हणतात, नडगी दुखत असेल तर आधी ती बरी करा. त्या ओरड्यानं कधी विचारलं का?"

"पीटीच्या मॅडम," समरा म्हणाली.

"हौ, पीटीच्या मॅडम. तू हसली होतीस."

"तूपण."

पहिले काही दिवस तो नुसता हळू चालला. नडगी दुखायची थांबल्यावर सुरुवात केली. दुकानाच्या भिंतीला हात लावून, मग जमिनीवर, मग पाठीवर पुस्तकांचं दप्तर घेऊन. शेवटी पाच मिनिटं श्वास. बाई म्हणायच्या, "घाई नको. बरगड्या उघडू द्या." कमरबी मशीनवरून कौतुकानं म्हणायच्या, "ये अच्छी है. चिल्लाती नहीं."

दर शुक्रवारी दुकान बंद असे. त्या दिवशी सकाळी समरा मोजायची. त्याच जागी, तीनदा, आणि तिन्हींची सरासरी. नबीसाबांना हात लावायची परवानगी नव्हती. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून समोर बसत आणि माझ्याकडे असे बघत, जसं लेक सासरी गेल्यावर बाप बघतो. माझी काळीभोर बाजू आता दर आठवड्याला वर असे. एका शुक्रवारी आकडा सरकला नाही. फरहानचा चेहरा पडला. पुढच्या शुक्रवारी अर्ध्या सेंटिमीटरनं सरकला, तेव्हा नबीसाबांचे हात मांडीखालून आपोआप बाहेर आले आणि समरानं त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

भरतीच्या दिवशी फरहाननं मला गुंडाळून पँटच्या खिशात ठेवलं. मोजायला तिथं त्यांची स्वतःची टेप होती, माझं काही काम नव्हतं. पण सोबत म्हणून नेलं. धावणं झालं, गोळा झाला. मग त्यानं शर्ट काढला आणि मी खिशातून ऐकलं.

"साडेएकोणऐंशी. भरा श्वास. भरा अजून. पंच्याऐंशी. पुढचा!"

मित्रांनो, आम्हा टेपांना फार लागत नाही. मला गाठ मारू नका, इस्त्रीखाली ठेवू नका, काम झालं की सैल गुंडाळी करा. आणि माप चुकलं असं वाटलं, तर टाकून देण्याआधी मला कसं धरलं होतं तेवढं बघा. व्यायाम निवडताना दुसऱ्याच्या दंडाकडे बघू नका. आपली सकाळ, आपलं कॉलेज, आपली नडगी, यांचं माप आधी घ्या. अंगाचं माप घेताना बोटं काढा. दिवसाचं माप घेताना दोन बोटं सोडा.

पुढं लेखी परीक्षा झाली. यादी लागली, तिच्यात फरहानचं नाव होतं. त्या दुपारी नबीसाब स्टुलावर चढले, पिशवीवरची धूळ पुसली आणि या वेळी पिशवी खाली आणली. खाकी कापड टेबलावर पसरलं. फरहान समोर येऊन उभा राहिला. समरा पेन घेऊन बसली. नबीसाबांनी मला गळ्यातून काढलं, उलटून इंचांची बाजू वर घेतली, लेकाच्या छातीभोवती टोकं जुळवली आणि दोन बोटं माझ्याखाली सरकवली.

"अब्बा, बोटं," फरहान म्हणाला.

"गप उभा राहा. ती भरती होती, हा शर्ट हाय. ड्यूटीवर श्वास घ्यायचा न्हाय का?"

त्यांनी चष्मा खाली ओढला.

"लिही, समरा. छाती, साडेबत्तीस."