डागवाल्या काकू

"हा गाऊन कुणाचा?" इस्त्रीवालीने विचारले.

काकूंचे हात बादलीत होते. "गिऱ्हाइकाचा."

"कुठल्या गिऱ्हाइकाचा? या लाँड्रीतला प्रत्येक कपडा माझ्या हाताखालून जातो. आणि खांद्यावरचा तो टाका तुमच्या हातचा आहे."

काकूंनी गाऊन पाण्याखाली दाबला. मागच्या खोलीत त्या दोघीच होत्या. पुढे मालकांची कुणाशी तरी हुज्जत चालली होती.

"रक्त आहे ना ते?"

"हळू बोल." काकूंनी दाराकडे बघितले आणि चक्क लाजल्या. "परत आलीय."

"कोण?"

"पाळी गं."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "काकू, तुमची जाऊन पाच वर्षं झाली."

"म्हणून तर! काही महिने झाले, अधूनमधून येते. शरीराला उशिरा सुचलं म्हणायचं." काकू हसल्या. इस्त्रीवाली हसली नाही.

काकूंचे काम डाग काढायचे. शाई, तेल, गंज, रक्त, ज्याचा उपाय त्याला. रक्ताला थंड पाणीच लागते, गरम पाण्याने ते पक्के बसते. दुसऱ्या कुणा बाईच्या घरी चादरीवरून, कपड्यांवरून कुणाच्या तरी लक्षात आले असते. काकूंच्या घरी कुणाला काही दिसले नाही, कारण काकूंनी काही राहूच दिले नाही.

भीती वाटून त्या लपवत होत्या असेही नव्हते. त्या ते जपत होत्या. तरुणपणापासून त्यांच्या पाळीचा कधी मेळ बसला नव्हता. तीन-तीन, चार-चार महिने दांडी. दांडी पडली की आशा लागायची, घरात सगळे हळू बोलू लागायचे, आणि मग एके सकाळी सगळे संपायचे. हनुवटीवर राठ केस यायचे, ते त्या दार लावून उपटायच्या. अंग सुटत गेले, चाळिशीत साखर निघाली. मूल झाले नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे खोल्या भरपूर, माणसंच कमी." अशा बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी पाळी परत आली, तर तिला वाटले, शरीर आपल्याशी पुन्हा बोलायला लागले.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे," इस्त्रीवाली म्हणाली. "मी येते बरोबर. नाही म्हणालात तर मालकांपुढे तोंड उघडेन."

"भवानी आहेस."

"असू दे."

डॉक्टरीणबाईंनी तपासले, सोनोग्राफी केली, आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी काकूंना समोर बसवले.

"काकू, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. लवकर सापडलाय. पण पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी लगेच यायचं असतं."

"मला वाटलं, परत आली."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग सावकाश सांगू लागल्या. एक हार्मोन अस्तर वाढवते, दुसरे त्याला आवर घालते. ज्यांची पाळी महिनोन् महिने येत नाही, त्यांच्यात आवर घालणारे कमी पडते. पाळी गेल्यावरही अंगावरच्या चरबीतून वाढवणारे तयार होतच राहते. साखरेचाही त्यात हात असतो.

"म्हणजे खळीवर खळ चढवायची आणि कपडा धुवायचाच नाही."

"तसंच काहीसं."

काकूंनी खाली बघत विचारले, "मूल झालं नाही, त्याचं हे फळ का?"

"मूल न होणं आणि हे, दोन्हींच्या मुळाशी बहुतेक तीच गडबड आहे. फळ-बिळ काही नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, काकू." मग त्यांनी सांगितले, गर्भाशय, नळ्या, अंडाशय काढायला लागतील. इतक्या लवकर सापडले की बहुतेक बायका बऱ्या होतात.

"विचार करून सांगते," काकू म्हणाल्या.

घरी नवरा टेबलफॅन उघडून बसला होता. वायरमनच्या नोकरीतून सुटला तरी हातातला पाना सुटला नव्हता. काकूंनी उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

"इतके महिने? आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला दिसलं असतं तर मी कसली डागवाली?"

त्याने पाना खाली ठेवला. "मला वाटायचं, तू खुशीत आहेस. गुणगुणत असायचीस हल्ली."

"होतेच खुशीत."

"कधी करायचं ऑपरेशन?"

"मी हो कुठं म्हटलंय?" काकू खाली बसल्या. "अहो, तिथं कधी कुणी आलं नाही. पण जागा तरी होती. तीही काढून द्यायची?"

त्याने पंख्याचे पाते पुसून बाजूला ठेवले.

"आई दुसरी कर म्हणून हटून बसली होती. आठवतं?"

"विसरेन कशी?"

"मी नाही म्हटलं. तुला वाटलं, दया आली म्हणून."

"मग कशाला?"

"तिथं कुणी येईल म्हणून मी थांबलो नव्हतो गं. तू होतीस म्हणून थांबलो."

"हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नाहीस."

"सांगायला विचारावं लागतं होय?"

"चुकलं. आता सांगतो. ती जागा देऊन टाक. तू राहा."

काकूंनी डोळे पुसले, नाक ओढले. "तो स्क्रू बघा, पायाखाली येईल कुणाच्या," म्हणाल्या आणि इस्त्रीवालीला फोन लावायला उठल्या.

वॉर्डात खाटांची रांग होती. शेजारच्या बाईजवळ तिच्या दोन मुली आणि एक सून बसल्या होत्या. नर्स उभ्यानेच प्रश्न विचारत होती. वय, साखर, आधीचे ऑपरेशन.

"बाळंतपणं किती?"

कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न आला की नवरा काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर जायचा आणि काकू पुटपुटायच्या. आज तो त्यांच्या चपला हातात धरून स्टुलावर बसून होता. उठला नाही.

"एकही नाही," काकू म्हणाल्या.

"आं? मोठ्यानं बोला, मावशी."

"एकही नाही."

शेजारच्या मुलींनी वळून बघितले. काकूंनी मान खाली घातली नाही. नर्सने पुढचा प्रश्न विचारला, आणि काकूंनी बाही वर सारून ब्लडप्रेशरच्या पट्ट्यासाठी हात पुढे केला.