प्रायोजित वाण

क्षितिजा बरणीवरचं स्टिकर नखानं खरवडत होती. 'विक्रीसाठी नाही. वेल्मोरा परिवारातर्फे भेट' असं त्यावर इंग्रजीत आणि अरबीत छापलं होतं. वाणाच्या बरणीवर असला मजकूर असला की वाण नक्की कुणाचं, असा प्रश्न उठतो, आणि आज तो कुणी विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

"काढ खुशाल," तिचा नवरा नीलेश जोडे घालताना म्हणाला. "कंपनीचं नाव झाकणावर आहेच. फोटोत आलं की झालं."

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घराबाहेर पडायचं, हा नियम कुवेतच्या सलवा भागातल्या या चौथ्या मजल्यापर्यंतही पोचला होता. तो खाली गाडीत बसणार होता. दारात थांबून तो पुन्हा म्हणाला, "अंजू मात्र हवीच. बाकीच्या नसल्या तरी चालतील."

खरी मेख तिथेच होती. वेल्मोराची चॉकलेटं कुवेतमध्ये खपत आणि भारतातही. नफा मात्र दोन्हीकडे जेमतेम दिसे. ब्रँडचं नाव वापरण्याचं भाडं म्हणून तो एका बेटावरच्या कंपनीकडे जाई. त्या कंपनीकडे होती एक टपालपेटी, आणि तिथे कर नव्हता. परदेशी वर्तमानपत्रात हे छापून आलं. बँकेत हिशेबाचं काम करणाऱ्या अंजूने ते सोप्या मराठीत बायकांच्या गटावर लिहिलं आणि शेवटी एवढंच म्हटलं की मी हा माल घेणं बंद केलंय. बायकांनीही बंद केलं. मग मल्याळी गटानं उचललं, गुजराती गटानं उचललं, आणि जमईयातल्या, म्हणजे इथल्या सहकारी दुकानांतल्या, वेल्मोराच्या फडताळापुढून भारतीय बायका मान वळवून जाऊ लागल्या.

अंजूने नीलेशचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. पण वेल्मोराच्या इथल्या कचेरीत त्या भाड्याचे कागद वर्षानुवर्षं तोच तयार करत होता. त्याच्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं होतं, ही तुमचीच माणसं ना? मार्चमध्ये त्याचा करार संपत होता. करार गेला की इकामा, इथे राहायचा परवाना, गेला, आणि इकामा गेला की अकरावीतल्या मुलीला घेऊन पुण्याची वाट. साहेबांना फक्त एक फोटो हवा होता: जिने सुरुवात केली तीच बाई हातात वेल्मोराची बरणी घेऊन उभी आहे. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, असं नीलेश म्हणाला होता. क्षितिजाला तेव्हा ते पटलं होतं. भीती वाटत असली की पुष्कळ गोष्टी पटतात.

बायका जमल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, वरून स्वेटर. शेजारची असमा दरवर्षीसारखी आली. ती श्रीवर्धनची; तिचा नवरा जहीर वेल्मोराचा माल पोचवणारी गाडी चालवी. क्षितिजा तिला कुंकवाऐवजी मनगटाला अत्तर लावी आणि तिळगूळ दोन हातांनी देई. असमाने बरणी घेतली, झाकण पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"बरं झालं गो. आमच्या जहीरची गाडी हल्ली अर्दियाच्या गोदामातून अर्धी रिकामी निघते. मालक म्हणतो, असंच चाललं तर ड्रायव्हर कमी करतो."

कुणीतरी हसलं, कुणीतरी हसायचं थांबलं. तेवढ्यात क्षितिजाचा फोन थरथरला. नीलेश होता.

"आत्ताच वर आली बघ. निळी साडी."

अंजू आली ती नेहमीसारखी, थोडी उशिरा आणि हातात स्वतः केलेल्या गुळाच्या पोळ्यांचा डबा. तिने बरण्या पाहिल्या. खुर्ची ओढून असमाशेजारी बसली.

"अंजू, तुझ्यामुळे आमचं कठीण झालंय," असमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "आणि आपण तरी कुठं टॅक्स भरतो? त्यासाठीच आलो ना इथं."

"त्यासाठीच आलो," अंजू म्हणाली. "ते मी नाकारत नाही. पण आपला पगार जिथे मिळतो तिथेच दिसतो ना असमा. तो बेटावर नेऊन कुणी लपवत नाही."

"ते बेकायदेशीर थोडंच आहे," खिडकीजवळून एकीने म्हटलं.

"नाही. म्हणूनच तर कोर्टात जाता येत नाही. विकत न घेणं तेवढं आपल्या हातात आहे." मग ती असमाकडे वळली. "जहीरभाईंचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आता रात्री झोप लागायची नाही."

असमाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढ्यानं प्रश्न सुटत नव्हता.

क्षितिजाने करंडा उचलला. अंजूच्या कपाळाला हळद लावली. मग कुंकू. मग गुलाबपाणी, तिळगूळ. अंजूने मान खाली घातली होती, जशी कुठलीही बाई घालते. मग क्षितिजाने बरणी उचलून पुढे केली.

अंजूचे हात मांडीवरच राहिले.

खोलीतली कुजबुज थांबली. अंजू बरणीकडे नाही, क्षितिजाच्या तोंडाकडे बघत होती. क्षितिजाला वाटलं, नाही म्हण, एकदाची नाही म्हणून टाक, आणि त्याच क्षणी वाटलं, घे गं बाई, माझ्या मुलीसाठी घे.

अंजूने पदर पसरला आणि बरणी घेतली.

"फोटो काढू या ना," क्षितिजा म्हणाली. तिने सगळ्यांना उभं केलं, अंजूला मधे घेतलं. अंजूने झाकण समोरून दिसेल अशी बरणी धरली. हसली नाही.

बायका गेल्या. अंजू तेवढी मागे राहिली. तिचा डबा धुऊन देण्याच्या निमित्ताने क्षितिजा स्वयंपाकघरात गेली, तर ती मागोमाग आली.

"फोटो कुणाला हवा होता? नीलेशला की त्याच्या साहेबांना?"

क्षितिजाने डबा नळाखाली धरला.

"दोघांनाही," ती म्हणाली. "मार्चमध्ये करार आहे. तू समजून घे."

"समजते. तू तोंडाने मागितलं असतंस तर मी कदाचित फोटो दिलाही असता. चिडले असते, पण दिला असता." अंजूने ओट्यावरची बरणी सरळ केली. "दुकानात मी नाही म्हणू शकते. तू हळदीकुंकू लावून पुढे केलेल्या वाणाला नाही कसं म्हणू? आणि तुला ते माहीत होतं."

"हो," क्षितिजा म्हणाली. "माहीत होतं."

अंजूने डबा पुसून घेतला. बरणी ठेवून गेली नाही. वाण ठेवून जाता येत नाही. तिने ती डब्याबरोबर पिशवीत घातली आणि नेहमीप्रमाणे "येते" म्हणाली.

दार लागल्यावर क्षितिजाने फोन उघडला. फोटो छान आला होता. साहेबांना हवं ते सगळं त्यात होतं. तिला आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, हेही तिला कळलं. तिने फोटो पुसला. मग पुसलेल्या फोटोंच्या कप्प्यात जाऊन तिथूनही काढून टाकला.

फोन वाजला.

"गेल्या ना सगळ्या? पाठव लवकर. साहेब वाट बघतायत."

"कुणाचा फोटो?"

"अंजूचा. आणखी कुणाचा?"

"अंजू आली नाही," क्षितिजा म्हणाली.

पलीकडे गाडीचं इंजिन चालू असल्याचं ऐकू येत होतं.

"क्षितिजा, मी डोळ्यांनी बघितलं तिला. जाताना गाडीशेजारून गेली ती. हात केला मला."

"हळदीकुंकू मी केलं, नीलेश. कोण आलं आणि कोण नाही, ते मी सांगणार."

"आणि मुलीचं काय?"

क्षितिजा खाली बसली.

"ते माहीत नाही," ती म्हणाली. "तू वर ये."