हरणांची पट्टी

झाडीला लागून असलेल्या पट्टीत काय पेरायचं, यावरून आमच्या दोन्ही सुनांची सकाळीच जुंपली. गेल्या साली हरणांनी वाटाणा कोवळा असतानाच फस्त केला होता. पुन्हा तसं झालं तर वाटाण्याचं नावच टाकावं लागणार होतं. म्हणून यंदा ही चार गुंठ्यांची पट्टी हरणांना सोडायची, तिथंच त्यांचं पोट भरायचं, असं ठरलं.

"चवळीच हवी," थोरली म्हणाली. "हरणांना कोवळा पाला लागतो."

"एवढ्याशा पट्टीत चवळी? चार दिवसांत चाटूनपुसून खातील, जाऊबाई, आणि ढेकर द्यायला वाटाण्यात येतील! बाजरी टाका."

"बाजरी तूच खा."

"आबा, आता तुम्हीच सांगा!"

मी सांगत नाही, दाखवतो. जुनी खोड. दोन डब्यांत माती भरली. एकात चवळी लावली, दुसऱ्यात बाजरी. रोपं बोटभर झाल्यावर दोघींना बोलावलं, हरणासारखी मान पुढं काढली आणि कात्रीनं दोन्ही रोपं पार खालून छाटली.

"हरीण अंमळ म्हातारं दिसतंय," धाकटी पुटपुटली.

आठवड्यात बाजरी पुन्हा हिरवी झाली. चवळीचे नुसते खुंट उरले. धाकटीचे पाय जमिनीला लागेनात.

"जगली खरी," थोरली म्हणाली, "पण पाहुण्यांना आवडायला नको?"

"हेही खरंच," मी म्हणालो. "टिकणारं आधी पेरा, आवडणारं मागून."

मग आधी बाजरी पेरली. ती गुडघ्याला लागल्यावर तिच्या आडोशाला चवळी टोकली. चवळीनं अंग धरलं, तेव्हा कुठं पलीकडं वाटाणा पेरला.

वाटाण्याला शेंगा लागल्या, तरी हरणं पट्टीतच.

"बघ, माझी चवळी खातायत!"

"माझ्या बाजरीत उभं राहून, जाऊबाई!"

एवढ्यात धाकटी बांधावर थबकली. वाटाण्याच्या कडेच्या वेलांवर शेंगाच नव्हत्या. थोरलीचा चेहरा पडला. "आली वाटतं इकडं."

धाकटीनं वाकून मातीतून मूठभर टरफलं उचलली, निरखली आणि माझ्या फुगलेल्या खिशाकडं पाहिलं.

"आबा, हरणं शेंगा सोलून खातात का हो?"

मी मान खाली घातली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "पुढच्या साली आणखी एक पट्टी लागणार. घराजवळ."