दोनशे चौदा होड्या

थोरल्या जावेला घाई करताना घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावरही सकाळी देवापुढे दिवा लावला, नामस्मरण झालं, की ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. चिमटा आणि भिंग घ्यायची आणि तासभर तिकिटं बघायची. अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, हा नेम चुकला नाही.

तिकिटं टपालाची, पण हौशी माणसं जमवतात तशी देशोदेशीची नव्हेत. तिच्याकडे एकच तिकीट होतं, दोनशे चौदा वेळा. निळं, बोटाच्या पेराएवढं, त्यावर शिडाची होडी. साध्या पत्राला लागायचं ते, अगदी रोजचं. छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकाला वाचकांची पत्रं पोत्यांनी यायची आणि पाकिटं रद्दीत जायची. थोरली जेवणाच्या सुट्टीत त्या पाकिटांचे कोपरे कापून घ्यायची, घरी येऊन कोमट पाण्यात तिकिटं सुटी करायची आणि टिपकागदावर वाळत घालायची. अशी हजारो तिकिटं तिच्या हाताखालून गेली. त्यातून तिने ठेवली दोनशे चौदा.

"लोकांच्या बायका दागिने मागतात," मोठे दीर, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे. ते शिंपी होते. तोंडात टाचण्या धरूनही त्यांना थट्टा करता यायची. "हिने आरमार उभं केलं. आणि पोहता येत नाही हं हिला!"

थोरली नुसती हसायची.

मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेलीच. डावा डोळा आणखी वर्षभर साथ देईल, फार तर. त्या दिवशी घरी आल्यावर तिने आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या जावेकडे काहीतरी मागितलं.

"संग्रहालयात टपालाचा विभाग आहे ना, तिथल्या संग्रहपाल बाईंना मी पत्र घातलं होतं. त्या महिनाभराने, शनिवारी येतायत. पण त्यांना यादी हवी, कम्प्युटरवर, फोटोंसकट. यादी नसलेला संग्रह त्या घेत नाहीत. तू करून देशील?"

"देईन की! त्यात काय एवढं?"

"माझे डोळे मिटले की ह्या अल्बममध्ये काय आहे ते कोणालाच कळायचं नाही गं. नुसती जुनी तिकिटं म्हणून पडून राहतील."

धाकटीला बोलण्यातलं वजन कळलं, पण अल्बममध्ये काय आहे ते तिलाही कळलेलं नव्हतं. विचारावं असं तिला वाटलं नाही, आणि आपणहून सांगायची थोरलीची रीत नव्हती.

धाकटी एका दवाखान्यात नोंदणीच्या खोलीत काम करायची. एकाच रोग्याच्या नावाने चुकून दोन फाइली उघडलेल्या असतात, त्या हुडकायच्या आणि दोन्हींची एक करायची, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने तिकिटांच्या नोंदी ठेवायचं एक सॉफ्टवेअर शोधलं, लॅपटॉपवर घातलं आणि रोज संध्याकाळी दहा-पंधरा तिकिटं स्कॅन करत गेली. प्रत्येक तिकिटाची एक ओळ. त्या ओळीत फोटो आणि अल्बमच्या कप्प्याचा नंबर. चिमट्याने तिकीट उचलायचं, काचेवर ठेवायचं, परत त्याच कप्प्यात सरकवायचं. तीन आठवड्यांत दोनशे चौदा ओळी झाल्या.

मग सोमवारी तिला सुट्टी होती. दुपारी सॉफ्टवेअरने पडद्यावर एक पाटी दाखवली. नोंदलेलं तिकीट एक. जादा प्रती दोनशे तेरा. एकत्र करायच्या का?

दवाखान्यात दिवसातून चाळीस वेळा ती हेच करायची. बोट आपसूक 'हो'वर गेलं. दोनशे चौदा ओळींची एक ओळ झाली, नीटनेटकी. मग तिला वाटलं, बाई येणार, तर अल्बमही नेटका दिसावा. तिने पहिलं तिकीट पानाच्या मधोमध ठेवलं आणि बाकीची सगळी चिमट्याने हळुवार उचलून एका पाकिटात भरली. एकाचीही कड दुमडू दिली नाही.

संध्याकाळी तिने मोठ्या कौतुकाने थोरलीला अल्बम दाखवला.

थोरलीने पान उलटलं. मग दुसरं, तिसरं. रिकाम्या कप्प्यांवरून तिने बोट फिरवलं.

"बाकीची?"

"ह्या पाकिटात आहेत, जाऊबाई. सगळी एकसारखीच होती ना, म्हणून."

थोरली खुर्चीवर बसली. रागावली नाही, आवाजही चढला नाही. पदराने भिंग पुसत राहिली, पुसून झालं तरी.

"एकसारखी नव्हती गं," ती म्हणाली. "दोनसुद्धा नव्हती."

मग तिने सांगितलं. धातूच्या एका मोठ्या पत्र्यावर शंभर होड्या कोरलेल्या असायच्या, आणि त्या पत्र्यावरून तिकिटं छापायची. त्यातल्या एका होडीच्या शिडाच्या टोकाशी पत्र्याला चीर गेली. आधी सुईच्या टोकाएवढी. पण रोज हजारो वेळा दाब बसायचा, तशी ती लांबत गेली. एकोणीस वर्षं तोच पत्रा वापरात होता. त्या एकाच जागेवरून छापलेली तिकिटं तिने हुडकली होती आणि चीर जशी वाढली तशी ओळीने लावली होती. कप्प्यांचे नंबर म्हणजे तो क्रम. तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नव्हता.

धाकटी लॅपटॉपकडे धावली. मागे फिरायचा रस्ता सॉफ्टवेअरमध्ये होता, पण फाइल बंद करेपर्यंतच. ती तर बंद करून उठली होती. दोनशे चौदा फोटो त्या एका ओळीत सुखरूप होते, पण उलटसुलट क्रमाने. कप्प्यांचे नंबर मात्र साफ गेले होते.

"शिक्क्यांवरच्या तारखा?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

"निम्म्यांवर वाचता येत नाहीत. मी चीर बघून लावली होती." थोरलीने चिमट्याने एक तिकीट उचललं, भिंगाखाली धरलं, डावा डोळा बारीक केला. पुष्कळ वेळ बघितलं. मग ते खाली ठेवलं. "आता दिसत नाही. तेव्हा दिसायचं."

दारात उभ्या राहिलेल्या दिरांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरीही त्यांनी थट्टा केली नाही. धाकटीला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने चार दिवसांची रजा टाकली. देवाचं नाव घेऊन लॅपटॉप थोरलीसमोर ठेवला आणि एक फोटो उघडून मोठा करत नेला. शीड हाताच्या पंजाएवढं झालं, आणखी मोठं, पडदाभर. निळ्या रेघा दोरखंडासारख्या जाड दिसू लागल्या, आणि त्यांच्यामधून एक बारीक, वाकडी, पांढरी वाट वर जाताना दिसली.

थोरली पुढे वाकली. मग मागे झाली. मान तिरकी करून नजरेच्या शाबूत कडेने तिने बघितलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही तर मला भिंगातूनही एवढी दिसली नव्हती."

सॉफ्टवेअरमध्ये दोन फोटो शेजारी शेजारी ठेवता येत होते. धाकटी दोन होड्या उघडायची, थोरली सांगायची.

"डावं आधीचं."

"कशावरून?"

"उजव्याची चीर दोरीला टेकली. डाव्याची अजून टेकायची आहे."

धाकटी आधी नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन सांगू लागली आणि थोरली "हं" म्हणू लागली. कधी "हं" यायचा नाही. तेव्हा धाकटी पुन्हा बघायची. मध्येच तिला सापडलं की ह्या सॉफ्टवेअरला फोटोवर अंतरही मोजता येतं, आणि आपल्या मनाचा नवा रकाना घालता येतो. तिने रकाना घातला, 'चिरेची लांबी', आणि मिलिमीटरचे दशांश भरत गेली. माणसाने नुसत्या डोळ्यांनी लावलेला क्रम आणि आकड्यांनी लावलेला क्रम जुळत गेला, तशी धाकटी थक्क होत गेली. केसाच्या जाडीएवढे हे फरक ह्या बाईने खिडकीच्या उजेडात, हातातल्या भिंगाने ओळखले होते. आणि एकदाही कोणाला म्हणाली नव्हती की बघा, मी काय ओळखलं!

"जाऊबाई, तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," थोरली म्हणाली. मग हसली. "आणि ह्यांनी विचारलं असतं तर गिऱ्हाइकांना सांगत बसले असते."

"ऐकतोय मी!" आतून दिरांचा आवाज आला. "मापं घेतोय म्हणजे बहिरा झालो नाही."

गुरुवारी गाडी अडली. साठेक तिकिटं क्रमात बसेनात. चीर आखूड, म्हणजे सुरुवातीची. पण ज्यांवरचे शिक्के वाचता येत होते, त्यांच्या तारखा बारा-पंधरा वर्षं नंतरच्या. धाकटीने मापं पुन्हा घेतली. तेच आकडे.

"ती बाजूला ठेव," थोरली म्हणाली. आवाजात आनंद होता. "ह्यांची वाटच बघत होते. होडीच्या खाली बघ. पाणी बघ."

धाकटीने पाणी मोठं केलं. बाकीच्या तिकिटांवर तिथे सपाट निळा रंग होता. ह्यांच्यावर तीन बारीक पांढऱ्या लाटा होत्या.

"पत्रा दुरुस्त केला कोणीतरी. चीर ठोकून बुजवली आणि हत्यार हातात होतं म्हणून असेल, की मनात आलं म्हणून, तीन लाटा कोरून दिल्या. कोणी सांगितलं नसणार. कोणाला दिसणारही नव्हत्या." थोरलीने लाटांवर बोट ठेवलं. "पुढे चीर पुन्हा आली. पण लाटा राहिल्या. त्या माणसाचं काम कोणाला तरी दिसावं एवढंच माझं म्हणणं आहे."

धाकटीने मनातल्या मनात दोघांनाही हात जोडले, त्या कारागिराला आणि समोर बसलेल्या बाईला. मग दुसरा रकाना घातला, 'लाटा'. शुक्रवारी दिवेलागणीला दोनशे चौदावं तिकीट आपल्या कप्प्यात गेलं.

शनिवारी संग्रहपाल बाई आल्या. उंच, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. त्यांनी अल्बम चाळला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे धाकटीच्या मनात महिनाभर होतं: सगळी एकसारखीच तर आहेत. धाकटीने लॅपटॉप वळवला आणि फोटो क्रमाने एकामागून एक सोडले.

पडद्यावर चीर उगवली. शिडावरून चढत गेली, दोरीला टेकली, चौकट ओलांडून बाहेर पडली. एकाएकी नाहीशी झाली, आणि होडीखाली लाटा आल्या. मग पुन्हा सुईच्या टोकाएवढी चीर. एकोणीस वर्षं दोन मिनिटांत गेली. थोरलीनेही ती अशी चालताना कधी पाहिली नव्हती. तिने मान तिरकी केली होती आणि ओठ किंचित उघडे होते.

"पुन्हा दाखवता?" बाई म्हणाल्या. दिरांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक छोटं पारदर्शक पाकीट काढलं. आत एक निळी होडी.

"हे आमच्याकडे कित्येक वर्षं पडून आहे. वर आखूड पांढरी रेघ आहे, तिचा अर्थ कोणाला लागला नाही. हे तुमच्या क्रमात कुठे बसेल?" त्यांनी ते थोरलीपुढे धरलं. "तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नसेल, तर मात्र मला पंचाईत आहे. उद्या लोक मला विचारणार."

थोरलीने पाकीट घेतलं, भिंगही घेतलं. एवढ्याशा कागदात तिला आता काही दिसणार नव्हतं, हे घरातल्या तिघांना ठाऊक होतं. तिने दोन्ही धाकटीच्या हातात दिली.

धाकटीने खिडकीपाशी जाऊन तिकीट भिंगाखाली धरलं. चीर अगदी लहान होती, दिसायला पहिल्या दहांतली. तिने नजर खाली नेली. वेळ घेतला. मग लॅपटॉपवर दोन फोटो उघडून पडताळलं.

"दुरुस्तीनंतरचं आहे," ती म्हणाली. "तिन्ही लाटा आहेत. एकशे अठ्ठावन्न आणि एकशे एकोणसाठच्या मध्ये."

बाईंनी थोरलीकडे बघितलं. थोरलीने भिंग परत मागितलं नाही.

"ती म्हणते ते बरोबर," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्वीकृतीचे कागद टेबलावर मांडले.

"पण काय गं," थोरली धाकटीकडे वळून काळजीने म्हणाली, "हे मध्ये घातलं तर पुढच्या सगळ्यांचे नंबर बदलावे लागतील. परत चार दिवस बसावं लागणार."

"नाही हो जाऊबाई. एक ओळ मध्ये घातली की हा लॅपटॉप पुढच्या आपोआप सरकवतो."

धाकटीने घालून दाखवली. छप्पन्न होड्या एकेक घर पुढे सरकल्या. थोरली पडद्याजवळ वाकून कौतुकाने बघत राहिली.

"गुणी आहे हो," ती म्हणाली.