डावा खांदा कुणाचा?

मित्रांनो, मी एका बैलाचा जुना सांगाडा आहे. रत्नागिरीजवळच्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनेच्या वर्गात, लोखंडी चौकटीवर उभा असतो. पोटात वारा, डोळ्यांत वारा. पण बरगड्यांच्या तेरा जोड्या पुऱ्या आहेत, हव्या तर मोजा.

जिवंत होतो तेव्हा भाताची खाचरं नांगरली. पायांखाली तांबडा चिखल, पाठीवर पावसाची झड. म्हातारा होऊन मेलो, तेव्हा मालकाने मला कॉलेजला दिले. इथल्या शिपाई धाकूमामांनी मला पुरले, वर्षाने उकरले, सोड्याच्या पाण्यात उकळून हाडे पांढरी केली आणि तारेने एकेक जुळवले. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

मला मात्र पहिल्या दिवसापासून एक संशय होता. जू मानेवर असले तरी त्याची ओढ दोन्ही खांद्यांना बसते. माझा उजवा खांदा ती ओढ आठवी. डावा गप्प. नांगराचे नाव काढले तरी ओळख दाखवीना. हा माझाच ना? की कुणी परका अंगाला चिकटून बसलाय? समोरच्या काचेच्या कपाटात, आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याचा सांगाडा होता. आम्ही दोघे एकाच वेळी तयार झालेले. त्याची डावी बाजू कायम भिंतीकडे. हा काय लपवतोय, असेही मनात येई.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या डाव्या खांद्याच्या फऱ्याला, म्हणजे चपट्या हाडाला, चिठ्ठी बांधली. हाड कोणते आणि कोणत्या जनावराचे, ते लिहायचे. बाकीची मुले माझ्याकडे पाहून 'बैल' लिहून पुढे गेली. ज्ञानेश्वरी थांबली. या विषयात ती एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर वर्ष जाणार होते. तिने फऱ्यावरच्या उभ्या कण्यावरून, त्या उंच धारेवरून, बोट फिरवले. बैलाचा कणा खाली टोकदार संपतो. हा हळूहळू विरून गेला होता. टोक तुटले असेल म्हणून तिने पुन्हा चाचपले. कुठे तुटल्याची खूण नव्हती. तिने 'घोडा' लिहिले.

परीक्षा घेणाऱ्या दीपक सरांनी त्यावर लाल रेघ मारली. ज्ञानेश्वरी एका गुणाने नापास झाली. आता बैलाला लगाम घाल आणि आरे-वारेला भाडी मार, असे मुले चिडवू लागली. तिने सरांना कपाट पुढे ओढून घोड्याची डावी बाजू बघायची विनंती केली. गुणासाठी निमित्त शोधतेय, असा सरांना संशय.

"बैलाच्या अंगावर घोड्याचं हाड कुठून येईल, ज्ञानेश्वरी?"

धाकूमामा तिथेच माझ्या बरगड्या पुसत होते. त्यांचा हात थबकला. आता मला त्यांचाच संशय आला.

"पोरीचं काय चुकलं नाय, सर," ते म्हणाले. "लाकडं कमी होती. दोगांची हाडं मी एकाच काहिलीत उकळली."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलात, मामा?"

"जुळवताना शंका आली होती. पण मोठ्या सायबांनी पाठ थोपटली, मग तोंड उघडवेना."

तिघांनी मिळून कपाट पुढे ओढले. घोड्याच्या डाव्या खांद्यावर टोकदार कण्याचे हाड होते. सरांनी त्यावर बोट फिरवले, मग माझ्या फऱ्यावर. खुर्चीत बसून त्यांनी उत्तरपत्रिका काढली आणि रेघ खोडून गुण दिला. ज्ञानेश्वरीने मान वळवून ओढणीने डोळे टिपले.

धाकूमामांनी पक्कड आणली, तारा सोडल्या आणि दोघांच्या हाडांची अदलाबदल केली. मित्रांनो, माझा खांदा मला परत मिळाला. आता दोन्ही खांदे एकच शेत आठवतात.

तुम्ही कधी आलात तर ओले फडके लावू नका, तारा गंजतात. आणि नुसती पाटी वाचून पुढे जाऊ नका. हळूच हात लावून बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण बोटांना सांगता येते.