बिनफुलांची खिडकी

"वहिनी, बाबांवर जरा लक्ष ठेव गं. ते आपणहून काही बोलायचे नाहीत," नणंद फोनवर म्हणाली, तेव्हा सून बाळाच्या पाठीवर थोपटत होती. तिला हसूच आलं.

"अगं, बाबा मजेत आहेत. डबा चाटूनपुसून रिकामा येतो. आणि झाडांत असे रमलेत, की आम्हालाच भेटीची वेळ मागावी लागते."

तिने विषय तिथेच संपवला.

सासरे खालच्याच मजल्यावर एकटे राहत. सासूबाई गेल्यावर 'वर राहायला या' म्हणून सगळ्यांनी घसा कोरडा केला, पण यांचं एकच, "तुमचं बाळ रडतं, मी घोरतो. कुणी कुणाला झोपवायचं?" उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. रस्त्यात कुणी म्हातारं हसलं, की ते हळूच सुनेला म्हणत, "वरचे दात माझे, खालचे कुण्या चोराचे."

झाडांचं वेड मात्र नवीन. बाळ झालं तेव्हा मुलाच्या ऑफिसातून ऑर्किडची कुंडी आली होती. जांभळी फुलं महिना-दोन महिने टिकली, मग एकेक करून गळली. उरला नुसता देठ आणि चार जाड पानं. सून कुंडी कचऱ्यात टाकायला निघाली, तर सासऱ्यांनी जिन्यात गाठलं.

"का गं, तू बाळंत झालीस म्हणून तुला कुणी टाकलं का?"

कुंडी खाली गेली ती गेलीच. तिच्या मागोमाग शेजारच्या काकूंची, दवाखान्यातल्या रिसेप्शनवरची, कुणाकुणाच्या वाढदिवसाची अशा फुलं गळलेल्या कुंड्या जमत गेल्या. नवरा त्या खिडकीला 'टकल्यांचं संमेलन' म्हणायचा.

दुपारी बाळाला कडेवर घेऊन सून डबा पोचवायला जाई. सासरे डबा बाजूला ठेवत. "मागाहून निवांत जेवतो. आधी हे बघ." कवळीचं मेण कोरायची त्यांची बारीक सुरी हातात असे.

"देठ वाळून तपकिरी झाला, की बुडातून काप. हिरवा असेल तर खालच्या गाठींवरचे दोन डोळे ठेव, वरचं छाट. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लाव, म्हणजे सडत नाही. मुळं चंदेरी दिसली तर पाणी. हिरवी असली तर हात आवर."

"बाबा, पानं तर सुरकुतलीत याची. पाणी घालते."

"तिथंच सगळे फसतात! आत मुळं कुजलेली असली तरी पानं सुरकुततात. वरून बघून ओतायचं नाही, उपसून बघायचं." त्यांनी सुरी पुढे केली. "घे, हा देठ तू काप."

"माझ्या हातून मरेल ना!"

"मरू दे. चुकायचं तर मी आहे तोवर चूक."

ती हसली. कापला. चांगला जमला.

"बाबा, बारीक झालात हो."

"मी नाही, शर्ट वाढलाय."

ती पुन्हा हसली, कारण तेवढ्यात बाळाने ढेकर देऊन दूध काढलं होतं आणि तिला पुसायला रुमाल सापडत नव्हता. तिची सगळी नजर त्या दिवसांत बाळावरच होती. ते झोपलं, की नाकाशी बोट धरून श्वास लागतो का बघायची. खोकलं, की डॉक्टरांना फोन. नवरा म्हणे, "तू आई नाहीस, पहारेकरी आहेस." तिला ते कौतुक वाटे.

मग एका सकाळी सासऱ्यांनी ज्याच्या त्याच्या कुंड्या परत करायला काढल्या.

"अहो, फूल कुठे आलंय अजून?" काकू कुरकुरल्या.

"येईल. हिला वर्ष लागतं, तुम्हाला धीर नाही."

"मग राहू द्या की तुमच्याकडे."

"नको. आता तुमची तुम्ही सांभाळा."

सुनेला बरंच वाटलं. बाळ धरून उभं राहायला लागेल, तेव्हा खिडकी मोकळी हवीच. खिडकीत एकच कुंडी राहिली, बाळाची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती डबा घेऊन गेली, तर सासरे खुर्चीत बसलेले. उठायला गेले आणि उठता येईना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "अन्ननलिकेचा आजार आहे. त्यांना हे कधीपासूनच ठाऊक आहे. गेले कित्येक आठवडे पातळ पदार्थसुद्धा कष्टानेच जात असतील."

"शक्यच नाही. डबा रोज रिकामा येतो."

कपडे न्यायला ती घरी आली, तेव्हा वॉचमन गेटपाशी पुढे झाला. "मॅडम, साहेब बरे आहेत ना? रोज डबा मलाच द्यायचे. म्हणायचे, सुनेच्या हाताला चव आहे, वाया जायला नको. आणि धुऊन दे हं, म्हणायचे."

संध्याकाळी ती पलंगाशी बसली. तिला रागावायचं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

सासरे हळूच म्हणाले, "तू बाळाचे श्वास मोजत होतीस. त्यात आणखी एकाचे कुठे मोजायला लावू?"

"मोजले असते, बाबा."

"हो. मोजले असतेस." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात किती हलका झालाय, हे तिला तेव्हा कळलं.

आठवड्याभरात ते गेले.

पुढे एका दुपारी तिने खालचं घर उघडलं. बाळाला चटईवर पालथं घातलं आणि कुंडीतलं झाड उपसून मुळं पाहिली. ती घट्ट होती, निरोगी होती. पाण्याची गरज नव्हती. तरीही ती बराच वेळ मुळं हातात धरून बसली. काकू दारातून डोकावल्या. "आलं का गं फूल?"

"नाही," ती म्हणाली. "पण झाड बरं आहे. मी बघितलं."

तुमच्याही खालच्या मजल्यावर, पुढच्या गल्लीत, फोनच्या पलीकडे कुणीतरी 'मी मजेत' म्हणणारं असेल. आज जाऊन या. दारातून परतू नका. आत जा, समोर बसा, आणि त्यांच्यासोबत दोन घास खा.