झाकणरावांची उजेडनळी

मित्रांनो, मी एक जुनी उजेडनळी आहे. गच्चीवर पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि खोलीच्या छताला गोल दुधी काच, एवढाच माझा संसार. वर पडलेलं ऊन खाली पोहोचवायचं, हे एकच काम मला दिलं होतं. ते मी तीन वर्षं नीट केलं नाही. हे सांगताना लाजेनं मान खाली जाते. छताला टांगलेली असल्यामुळे ती तशीही खालीच असते म्हणा.

ज्या घरात मी आले, तिथल्या मधल्या खोलीला खिडकी नव्हती. त्या खोलीत, घरातली मुलं जिला आत्या म्हणत, ती रफू करायची. उंदरानं कुरतडलेलं कापडसुद्धा ती असं सांधायची, की मालकालाही भोक सापडू नये. पण तिला भरदिवसा दिवा लागायचा, आणि दिव्याखाली रंग फसवतात. म्हणून तिच्या धाकट्या भावानं हौसेनं मला आणलं. हा गृहस्थ वस्तूंना जिवापाड जपणारा. रिमोट पिशवीत, सोफ्यावर प्लॅस्टिक, फ्रिजच्या मुठीला फडकं. आत्या त्याला झाकणराव म्हणायची.

मला बसवायला मिस्त्री आले. त्यांनी गच्चीला गोल भोक पाडलं आणि माझे तुकडे जोडायला घेतले. माझ्या आतल्या आरशावर निळसर प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. मिस्त्री तो सोलू लागले, तोच झाकणराव ओरडले, “अहो, राहू द्या तो! ओरखडे पडतील.”

“साहेब, हा काढायचाच असतो. नाहीतर ऊन खाली उतरणार कसं?”

“घर माझं आहे ना? मग नळी नवीकोरी राहू दे.”

मिस्त्री दमले होते. “तुमची मर्जी,” म्हणाले आणि मला तशीच बसवून गेले. आणि खरं सांगू? मलाही बरंच वाटलं. आपल्या अंगावर चरा पडू नये, असं मनात होतं.

खाली उजेड उतरला तो निळीच्या पाण्यासारखा. आत्यानं वर पाहिलं. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

“झकास!” ती म्हणाली. “आता दिवा नकोच.”

महिन्याभरात एक वकीलसाहेब आत्यानं रफू केलेला आपला काळा कोट घेऊन परत आले. “ताई, पाठीवर निळा धागा घातलात. कोर्टात सगळे हसले हो.”

आत्याचा चेहरा पडला. “एवढ्या उजेडात मला काळं-निळं कळेना, म्हणजे माझे डोळेच गेले,” ती म्हणाली. सुयांची डबी कपाटावर गेली. तेव्हापासून ती नुसते भावाचे धुतलेले मोजे जुळवत बसायची. दोष माझा, आणि बोल मात्र ती आपल्या डोळ्यांना लावत होती. मी वरून मुकाट पाहत राहिले.

तीन वर्षांनी घुमटाला तडा गेला आणि तेच मिस्त्री आले. त्यांनी आत डोकावून कपाळावर हात मारला. मला बाहेर काढलं, उन्हानं चिकटून बसलेला पापुद्रा पट्टीनं खरवडला आणि नवा घुमट घालून मला पुन्हा बसवलं. मधल्या खोलीत लख्ख ऊन उतरलं.

आत्यानं हातातले मोजे पाहिले. एक काळा, एक निळा. दुसरी जोडी पाहिली, तीही तशीच.

“अरे, माझे डोळे गेले म्हणून तू असले मोजे घालून ऑफिसला जात होतास?”

“लोक हसायचे,” झाकणराव पुटपुटले. “पण तुला सांगितलं असतं तर तू हेही सोडलं असतंस.”

मिस्त्रींनी पापुद्रा पुढे धरला. “साहेब, ताईंचे डोळे ठणठणीत आहेत. मोतीबिंदू हा बघा, इथे होता.”

झाकणराव मटकन खाली बसले. “ताई, मी नळी जपली आणि तुझं काम घालवलं गं.”

आत्यानं मोजे बाजूला ठेवले. मग म्हणाली, “मीही झकास म्हणालेच होते. ऊठ, कपाटावरची डबी काढ. आणि वकीलसाहेबांना निरोप धाड, कोट घेऊन या म्हणावं.”

आता माझ्या अंगावर त्या पट्टीचे चरे आहेत. उजेडाचं त्यांनी काही अडत नाही. मित्रांनो, वस्तू जपा, पण वापरून जपा. आणि उजेड कमी पडत असेल, तर कोणाच्या हौसेखातर झकास म्हणू नका. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.